वड्यांच्या शेजारी एक टेबल : ब्रिटनमधल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

ब्रिटनमधल्या सर्व मराठी मंडळांच्या कार्यकारिणीस,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की कार्यकारिणीकडे तीन प्रकारचे निरोप येतात : पार्किंगचे, जेवणाच्या कुपनांचे, आणि आमच्या पिंकीला नाचात मागच्या रांगेत का उभं केलं याचे. माझं पत्र चौथ्या प्रकारचं आहे. मला हॉलमध्ये एका टेबलाची जागा हवी आहे. त्या टेबलावर दोन गोष्टी होतील. एक, ज्यांची नावं मतदारयादीत नाहीत त्यांची नोंदणी, विशेषतः नुकत्याच आलेल्या विद्यार्थ्यांची आणि आपल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची. दोन, पॅलेस्टिनी निर्वासितांची मदत तोडू नका असं आपापल्या खासदाराला लिहायचं असेल, त्यांच्यासाठी कागद आणि पेन.

मागे एका मंडळाकडे मी हे तोंडी मागितलं होतं. मंडळाचं नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत. उत्तर आलं, "ताई, नोंदणीचं बघू, पण ते गाझा वगैरे राजकारण नको." या दोन गोष्टी मला वेगळ्या का काढता येत नाहीत, ते सांगण्यासाठी हे पत्र.

४ जुलै २०२४. सार्वत्रिक निवडणूक. आमचं मतदान केंद्र प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये. मी, माझी ८१ वर्षांची आई आणि १९ वर्षांची लेक, अशा तीन पिढ्या रांगेत. आईने पर्समधून फ्रीडम पास काढला, म्हणजे लंडनमधल्या ज्येष्ठांचा फुकट प्रवासाचा पास. टेबलामागच्या बाईंनी फोटो पाहिला, आईकडे पाहिलं, मतपत्रिका दिली. लेकीने तिचं विद्यार्थ्यांचं ऑयस्टर कार्ड काढलं, तेही प्रवासाचंच. तसंच कार्ड, तसाच फोटो, लंडनच्याच वाहतूक खात्याचं. बाईंनी ओशाळं होत समोरची छापील यादी दाखवली : हे चालत नाही. त्यांचा काही दोष नव्हता, यादी त्यांनी केलेली नव्हती. २०२२ च्या निवडणूक कायद्याने फोटो ओळखपत्र सक्तीचं केलं आणि कोणती कार्डं चालतील ते ठरवलं. त्यात साठीच्या वरचं ऑयस्टर आहे, ज्येष्ठांचा बसपास आहे, पण विद्यार्थ्यांचं ऑयस्टर आणि तरुणांचं रेलकार्ड नाही. त्याआधी ग्रेट ब्रिटनमध्ये नाव आणि पत्ता सांगितला की काम होत असे.

आमचं घर सात मिनिटांवर. लेक गेली, पासपोर्ट घेऊन आली, मत दिलं. तिची मैत्रीण पण तशीच परत पाठवली गेली होती, आणि तिचा पासपोर्ट नूतनीकरणाला गेलेला. ती आली नाही. निवडणूक आयोगाच्या अंदाजाने त्या दिवशी केंद्रावरून परत पाठवलेले आणि पुन्हा न आलेले असे सुमारे १६ हजार जण होते. ही मैत्रीण त्यांतली एक.

(आईची तक्रार वेगळीच. ती २०१० पासून इथे मत देते, आणि दर वेळी बाहेर आली की डाव्या हाताचं बोट बघते. "शाई नाही, बटण नाही, दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारायची. मत दिल्यासारखंच वाटत नाही गं.")

आता लेकीला इतकी घाई कसली होती ते सांगते. त्या वर्षी २७ जानेवारीला ब्रिटनने यूएनआरडब्ल्यूएचा निधी थांबवला. ही संयुक्त राष्ट्रांची पॅलेस्टिनी निर्वासितांसाठीची संस्था, बोलताना सगळे तिला अन्रवा म्हणतात, मीही तसंच म्हणेन. बातमी लागली तेव्हा आम्ही जेवत होतो. लेकीने विचारलं, "हे ठरवलं कोणी?" मी म्हटलं, सरकारने. "ते सरकार निवडलं कधी?" डिसेंबर २०१९ मध्ये. तिने हिशोब केला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. पुढे बोलली नाही, पण मतदारनोंदणीची वेबसाइट तिने त्याच रात्री उघडली. निवडणूक झाली, सरकार बदललं, आणि १९ जुलैला नवे परराष्ट्रमंत्री डेव्हिड लॅमी यांनी २ कोटी १० लाख पौंड देऊन निधी पुन्हा सुरू केल्याचं संसदेत जाहीर केलं. लेकीच्या एका फुलीने हे झालं असं मी म्हणत नाही, तीही म्हणत नाही. पण मतदानानंतर पंधरा दिवसांत काही हललेलं तिने पाहिलं. आपल्यातल्या किती जणांनी तेवढं तरी पाहिलं आहे?

मी मूळची कल्याणची. माझं कॉलेज उल्हासनगरच्या बाजूला, त्यामुळे मैत्रिणी निम्म्या सिंधी. उल्हासनगरच्या पत्त्यांत अजून "बॅरॅक नंबर" असतो, आणि रिक्षावाल्याला आजही "कॅम्प तीन", "कॅम्प चार" असंच सांगतात. ती दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर माणसांना तिथे ठेवलं गेलं, आणि ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते त्या छावणीचं उल्हासनगर झालं. एका मैत्रिणीची आजी सांगायची, सुरुवातीला रेशनच्या रांगेत उभं राहताना तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिकारपूरला त्यांचं स्वतःचं दुकान होतं. आणि मग ती पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगायची, १९५२ ची. ती रांगही बॅरॅकींपासूनच सुरू झाली होती, पण त्या रांगेत उभी राहताना तिने लग्नातली साडी नेसली होती.

तेव्हा मला हा म्हातारीचा किस्सा वाटायचा. आता त्यातलं काम दिसतं. घटनेच्या सहाव्या कलमाने पाकिस्तानातून आलेल्यांना नागरिकत्वाची वाट करून दिली, आणि मतदारयाद्या बनत असतानाच निर्वासितांची नावं त्यांत घालायची सोय केली गेली. रेशन बंद झालं तेव्हा हातात मत होतं. नगरपालिका आली, नळ आले, कॉलेज आलं. आज तिथे रस्त्यांच्या नावाने ओरड आहे, पण ती नगरसेवकाच्या नावाने ओरडता येते.

त्याच सुमाराला, १९४८ मध्ये, ब्रिटनने हात झटकलेल्या पॅलेस्टाईनमधून सात लाखांवर माणसं घराबाहेर पडली. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी ८ डिसेंबर १९४९ ला अन्रवा काढली, आणि १ मे १९५० पासून तिचं काम सुरू झालं. तात्पुरतं. दर काही वर्षांनी मुदत वाढवत तिला पंचाहत्तर वर्षं झाली. आज नोंदलेले निर्वासित ५९ लाखांच्या आसपास, छावण्या ५८ : जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, वेस्ट बँक आणि गाझा. त्यांच्याही "कॅम्प"ची नावं पत्त्यात राहिली, जबालिया, नुसैरात, शातिला. पण तिथली नातवंडं मतदार झाली का, हे ती कुठल्या देशात पडली यावर ठरलं. जॉर्डनमध्ये बहुतेकांना नागरिकत्व मिळालं, ते मत देतात. लेबनॉनमध्ये नाही मिळालं. शातिलामध्ये जन्मलेल्या, तिथेच शिकलेल्या, आई-वडीलही तिथेच जन्मलेल्या मुलीला बैरुतच्या निवडणुकीत मत नाही. गाझा आणि वेस्ट बँकमध्ये शेवटची संसदेची निवडणूक २५ जानेवारी २००६ ला झाली. २२ मे २०२१ ला पुन्हा होणार होती. नव्वद टक्क्यांहून जास्त पात्र लोकांनी नावं नोंदवली. इतकी नोंदणी आपल्या पुण्यात, ठाण्यात तरी होते का? आणि तीन आठवडे आधी राष्ट्राध्यक्ष महमूद अब्बास यांनी ती पुढे ढकलली. पूर्व जेरुसलेममध्ये मतदान होऊ देण्याची हमी इस्रायल देत नाही, हे कारण दिलं. अनेकांच्या मते त्यांना हरण्याचीही भीती होती. आज पस्तिशीतला गाझाचा माणूस, पोरंबाळं असलेला, त्याने आपलं सरकार निवडायला एकदाही मत दिलेलं नाही. मदत मात्र त्याने जन्मापासून घेतली. उल्हासनगरच्या त्या आजीला दोन्ही रांगा मिळाल्या, याला एकच मिळाली.

म्हणून मला मदत आणि मत वेगळं काढता येत नाही. ज्याच्याकडे मत नाही त्याचं पोट दुसऱ्याच्या मतावर चालतं. या बाबतीत ते दुसरे म्हणजे आपण. कारण आपल्याला मत आहे.

हे आपल्याच लोकांना माहीत नसतं, आणि मला त्याचाच जास्त राग येतो. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे इथे राहण्याची परवानगी असलेल्या भारतीय नागरिकाला ब्रिटिश पासपोर्ट नसताना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. स्टुडंट व्हिसावर आलेल्याला सुद्धा. म्हणजे सप्टेंबरमध्ये नाशिकहून एमएस्सी करायला कव्हेंट्रीत उतरलेला, डबा कुठे मिळेल ते शोधणारा पोरगा, त्या पत्त्यावर राहायला लागला की नाव नोंदवू शकतो. आणि ओळखपत्र म्हणून त्याचा भारतीय पासपोर्ट चालतो. माझ्या लेकीचं लंडनचं कार्ड चाललं नाही, याचा निळा पासपोर्ट चालतो. मी २००१ साली आले आणि सहा वर्षं मला हे कोणी सांगितलं नाही. कौन्सिलकडून दरवर्षी येणारं यादीचं पत्र मी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर टाकून देत होते. शेवटी नाव घातलं ते मॉर्गेजसाठी, इलेक्टोरल रोलवर असलात की क्रेडिट स्कोर वाढतो म्हणून. हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांनी याच कारणासाठी घातलं आहे. स्कोर वाढला, घर झालं, मत द्यायला मात्र गेलो नाही.

एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांसाठी दोनच आकडे, दोन्ही २०२४ चे, दोन्ही लंडनचे. हेंडनमध्ये निकाल १५ मतांनी लागला. पंधरा! एवढी माणसं आपल्याकडे आरतीला ताटाभोवती असतात. आणि इलफर्ड नॉर्थमध्ये वेस स्ट्रीटिंग, जे पुढे आरोग्यमंत्री झाले, ५२८ मतांनी वाचले. त्यांच्यासमोर होती लिअ‍ॅन मोहम्मद, वय २३, पॅलेस्टिनी निर्वासितांची नात, अपक्ष. देशभरात मतदान साठ टक्क्यांच्या आत होतं.

आता तुमच्या हरकती. तुम्ही त्या मला बोलून दाखवल्या आहेत, म्हणून तोंडावरच उत्तर देते.

"आपण इथे पाहुणे, भानगडीत कशाला पडा." पाहुण्याकडून कोणी टॅक्स घेत नाही.

"चॅरिटीला राजकारण चालत नाही." पक्षाचा प्रचार चालत नाही. मतदारनोंदणी चालते आणि मानवतावादी मदतीबद्दल बोलणंही चालतं. चॅरिटी कमिशनचे नियम मी वाचले आहेत, तुम्हीही वाचा. माझ्या टेबलावर कुठल्याही पक्षाचं चिटोरं असणार नाही.

"हमासने जे केलं त्याचं काय?" ही हरकत मी झटकत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली, त्यात म्हातारी होती, तान्ही होती. अन्रवाचे १२ कर्मचारी त्यात सामील होते असा आरोप इस्रायलने केला, आणि त्यावरूनच निधी थांबले. संयुक्त राष्ट्रांच्या चौकशीनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये नऊ जणांचा सहभाग असू शकतो असं निघालं आणि त्यांना काढण्यात आलं. काढायलाच हवं होतं. पण गाझात या संस्थेची तेरा हजार माणसं कामाला होती : शिक्षक, नर्स, कचरा उचलणारे, पाण्याचे पंप चालवणारे. युद्धापूर्वी तिथली तीन लाखांच्या आसपास मुलं तिच्या शाळांत जात. फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांनी एप्रिल २०२४ मध्ये दिलेल्या अहवालात संस्थेतले दोष दाखवले, ते सुधारायच्या सूचना केल्या, आणि तिच्याशिवाय पर्याय नाही हेही लिहिलं. नऊ जणांच्या गुन्ह्याची शिक्षा शाळेतल्या पोराला द्यायची नाही, एवढं तर आपण घरातही पाळतो.

"आता तर इस्रायल तिला कामच करू देत नाही, पैसे देऊन उपयोग काय?" हा प्रश्न सगळ्यांत बरा. ऑक्टोबर २०२४ मध्ये इस्रायलच्या संसदेने तिच्याविरुद्ध कायदे केले, आणि मार्च २०२५ पासून तिचं सामान गाझात थेट शिरू दिलं गेलं नाही. पीठ, तंबू, औषधं इजिप्त आणि जॉर्डनच्या गोदामांत पडून राहिली, आणि २२ ऑगस्ट २०२५ ला गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर झाला, तोही पाऊस पडला नाही म्हणून नव्हे. पण माणसं आतच आहेत, ती तिथलीच आहेत. दवाखाने तीच चालवतात, तंबूत फळा लावून वर्ग तीच घेतात. त्यांचा पगार याच निधीतून जातो. तीनशेहून अधिक जण या युद्धात मारले गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या एका माणसाचं नाव तर तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. निवृत्त कर्नल वैभव काळे, घर पुण्यात. ते अन्रवाचे नव्हते, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा विभागात नुकतेच रुजू झाले होते. १३ मे २०२४ ला रफाहमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या गाडीतून हॉस्पिटलकडे जात असताना मारले गेले. त्या दिवशी आमच्या मंडळाच्या ग्रुपवर दोनशेच्या वर हात जोडलेले आले. बुधवारी पुन्हा आंब्याच्या पेट्यांचा हिशोब सुरू झाला. मीही दोन पेट्या मागवल्या. नुसतं तुम्हाला बोलत नाहीये.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या, कारण ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंतप्रधान स्टार्मर यांनी परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ पर्यंत ०.३ वर आणायचं जाहीर केलं, ते पैसे संरक्षणाला हवेत म्हणून. विकासमंत्री अ‍ॅनेलिस डॉड्स यांनी त्यावरून राजीनामा दिला. म्हणजे जुलै २०२४ मध्ये पुन्हा उघडलेला नळ ज्या टाकीतून येतो, ती टाकीच लहान होते आहे. २१ सप्टेंबर २०२५ ला याच सरकारने पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. चांगलं केलं. भारताने ते १९८८ लाच केलं होतं, आणि भारत अन्रवाला वर्षाला ५० लाख डॉलर देत आला आहे. पण मान्यतेच्या कागदावर कोणाचं जेवण होत नाही. खासदाराला लिहायचं ते एवढंच : कपात करताना अन्रवाच्या निधीला हात लावू नका, आणि तिथल्या तरुणांना निवडणूक मिळावी म्हणून मान्यतेबरोबर आलेलं वजन वापरा.

आता पोरांचं. १७ जुलै २०२५ ला सरकारने जाहीर केलं की मतदानाचं वय १६ करणार. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या सार्वमतात सोळाव्या वर्षी मत मिळालं आणि पुढे तिथल्या संसदेसाठीही, वेल्समध्ये तिथल्या संसदेसाठी २०२१ पासून. आभाळ कोसळलेलं नाही. ओळखपत्र म्हणून बँकेचं कार्डही चालवायचा त्यांचा विचार आहे. ते होईल तेव्हा होईल. इंग्लंडमध्ये सोळा पूर्ण झालेल्याला नाव आजही नोंदवता येतं, फक्त मत अठराला. ज्यांच्याकडे चालणारं ओळखपत्र नाही, त्यांना मतदार ओळखपत्र फुकट मिळतं, अर्ज करायला दहा मिनिटं लागतात. टपाली मत घेतलं तर केंद्रावर कार्ड दाखवायचीच भानगड नाही. हे सगळं मी टेबलावर मराठीत छापून ठेवीन. आमचा धाकटा पंधराचा आहे. फळ्यावर बाण काढून लोकांना टेबलाकडे वळवायचं काम त्याने आधीच मागून घेतलं आहे. टेबलाला नाव काय द्यायचं यावरून बहीण-भावात भांडण चालू आहे, त्यात मी पडत नाही.

खर्च काही नाही. टेबल माझं, घडीचं, गाडीत बसतं. दोन लॅपटॉप आमचे. आई खुर्चीवर बसेल, शाई नसल्याबद्दल येणाऱ्या प्रत्येकाकडे तक्रार करेल, तेवढं सांभाळून घ्या. तुमच्याकडून वायफायचा पासवर्ड हवा आणि जागा. स्टेजजवळची नको, तिथे ढोलामुळे काही ऐकू येत नाही. चपलांच्या रॅकपाशीही नको, मागच्या वेळी रक्तदानवाल्यांना तिथे बसवलं होतं आणि बिचारे दिवसभर हलले नाहीत. वडे मिळतात त्याच्या शेजारी द्या. रांग तिथेच असते.

कळावे,
आपली,
मूळची कल्याणची, आता वायव्य लंडनची एक सभासद